गोडेतेलाचा डबा

दुकानातून येतो तेव्हा त्याच्या अंगावर सूर्यफूल असतं, नाहीतर शेंगदाणे. तेल असेपर्यंत त्याच्याकडे कुणी निरखून बघत नाही. तेल संपलं की तो खऱ्या अर्थाने घरचा होतो. खाद्यतेलाच्या धंद्याला तो आता चालत नाही. एकदा वापरलेल्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकायला कायद्याने मनाई आहे. घराला मात्र तो पुढची पंधरा-वीस वर्षं चालतो.

घराणं जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशातून रॉकेल येई ते याच घाटाच्या डब्यांतून, एका लाकडी खोक्यात दोन डबे असे. चार गॅलनचं पोट, म्हणजे 18 लिटरच्या थोडं वर. पुढे 1937 मध्ये डालडा आलं, पिवळ्या अंगावर हिरवं माडाचं झाड घेऊन, आणि घरोघरी पत्र्याच्या डब्याला ‘डालड्याचा डबा’च म्हणू लागले. आत काहीही असो.

त्याचा मोठा गुण चौकोनीपणा. गोल डब्यांच्या मधे जागा फुकट जाते. हा भिंतीला पाठ आणि शेजाऱ्याला खांदा लावून उभा राहतो. बूड साधारण सव्वानऊ इंच, उंची पावणेचौदा. अडीच फुटांत तिघे आरामात बसतात आणि डोक्यावर दुसरी रांगही घेतात. दीड खोलीत संसार थाटलेल्या बायकांनी पलंगाखाली, माळ्यावर, मोरीच्या कट्ट्यावर याच हिशेबाने घरं लावली. कुणी त्याला गृहसजावट म्हटलं नाही, पण जागेची एवढी बारीक जाण मी फार थोड्या महागड्या कपाटांत पाहिली आहे.

एकात 13-14 किलो गहू मावतो, वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट. पीठ बरंच कमी, ते फुगतं. उन्हाळ्यात कुरडया-पापड, दिवाळीत चिवडा-शंकरपाळे, एरवी जुन्या साड्या, देवाची जास्तीची भांडी. प्लास्टिकचं पिंप उंदीर कुरतडतो; याच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

पण त्याला घरात घ्यायचं तर आधी हाताखालून काढावा लागतो. रात्रभर पालथा घालून तेल निथळू द्यायचं. मग आत राख किंवा कोंडा घालून घासायचं, उरलेलं तेल त्यात शोषलं जातं. त्यानंतर धुण्याचा सोडा आणि कढत पाणी. ताबडतोब पुसून उन्हात ठेवायचा, कारण हा मुळात लोखंडी पत्रा, वर कथलाचा पातळ थर. जिथे कापला तिथे लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथूनच शिरतो. वरचा पत्रा कापायचं काम मी पत्रेवाल्यावर सोपवायला सांगेन. तो छिन्नीने चारी बाजू उघडतो, धार आत वळवून हातोडीने चेपतो, बिजागरीचं झाकण आणि कोयंडा बसवतो, सांध्यांना डाख देतो. घरी आणल्यावर चेपलेल्या कडेवरून सावकाश बोट फिरवून बघावं. कुठे टोचलं नाही तर हात चांगला पडला. पत्रेवाला मिळालाच नाही, तर जाड हातमोजे घालून कापावं आणि बागेतल्या जुन्या पाइपाचा तुकडा उभा चिरून कडेवर चढवावा.

अन्न शिजवायलाही तो कमी पडला नाही. भुशाची शेगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. डब्याच्या पोटाला खाली भोक, त्यातून एक गोल दांडका आडवा आत घातलेला, मधोमध बाटली उभी धरलेली. भोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठासायचा, दगडासारखा घट्ट. मग बाटली हळूच फिरवत वर ओढायची आणि दांडकाही काढून घ्यायचा. भुसा ढासळला नाही, नळी उभी राहिली, की निम्मी लढाई जिंकली. खालून पेटवलं की आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहायची. डाळ, आंघोळीचं पाणी, सगळं त्यावर व्हायचं.

आता त्याला रंगवून दिवाणखान्यात आणतात. मला हे मनापासून आवडतं. पॉलिश पेपरने चकाकी मारावी, रेड ऑक्साईडचा एक हात, तो वाळला की ऑईल पेंटचे दोन. वारली काढा, नुसता गेरूचा रंग द्या, दोन्ही त्याला शोभतं. झाकणावर प्लायचा तुकडा आणि गादी ठोकली की बसायचं आसन होतं, पोटात मुलांची खेळणी. चार डबे आणि एक फळी म्हणजे खिडकीखालची बैठक. फक्त त्याला रिकामा ठेवू नये. नुसता शोभेला उभा केलेला डबा जरा धक्का लागला तरी कलंडतो, आणि पोकळ वाजतो. भरलेला जागचा हलत नाही. बुडाखाली दोन लाकडी पट्ट्या द्याव्यात, म्हणजे फरशीची ओल लागत नाही. आतून मात्र रंग देऊ नये, धान्य ठेवायचं असेल तर नाहीच. आणि ज्या डब्यात रंग, औषध किंवा रसायन होतं तो कितीही स्वस्त मिळाला तरी स्वयंपाकघरात आणू नये.

नवा शोधायला लांब जावं लागत नाही. फरसाणवाले, वडेवाले, खानावळी, सगळ्यांकडे रिकामे डबे निघतात. निवडताना पोचा असला तरी चालतो, तो आतून ठोकून निघतो. सांधा आणि बूड मात्र उजेडात धरून पाहावं. टाचणीएवढाही प्रकाश आरपार आला तर त्यात पीठ ठेवू नये. तो कुंडीसाठी घ्यावा, तीन-चार भोकं आणखी पाडून, आणि कढीपत्ता लावावा.