पायी चालत आलेला रुग्ण

छातीत दुखणारा माणूस स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला, की डॉक्टरलाही धीर येतो. मलाही आला होता. दहा वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक पहाटेपासूनची जळजळ सांगत आले. रात्रीच्या जेवणावर त्यांचा संशय होता. ईसीजीने मात्र हृदयविकाराचा झटका दाखवला. मोठे रुग्णालय तीन किलोमीटरवर होते. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा मुलाच्या स्कूटरवरून ते लवकर पोहोचतील, असा हिशेब करून मी चिठ्ठी दिली. वाटेतच ते मागच्या आसनावरून कोसळले.

तो हिशेब कोठे चुकला, हे सांगणे मी तुमचे देणे लागतो. रक्तवाहिनी अडली की पुढचा स्नायू लगेच मरत नाही; तो आधी बिथरतो. पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते, आम्ल साचते. निरोगी स्नायूतून वेगाने जाणारी विद्युतलहर येथे रेंगाळते, वळसा घेऊन मागे फिरते. मग हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिल्या तासात हा धोका सर्वाधिक असतो. तेव्हा हवे असते ते विजेचा झटका देणारे यंत्र, आणि ते स्कूटरवर नसते.

ठोके ताळ्यावर ठेवणारे औषध आधीच का देऊ नये? वैद्यकानेही हा विचार करून पाहिला. १९८९ मध्ये ‘कास्ट’ या चाचणीत, झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अनियमित ठोके अशा औषधांनी कमी झाले, मृत्यू मात्र वाढले! आम्हा डॉक्टरांचा गर्व उतरवणारी ती चाचणी. बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहीसे संरक्षण मिळते; बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करू नका.

छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर सोडा पीत बसू नका; १०८ क्रमांक फिरवा. माणूस निपचित पडला, श्वास नीट चालेना, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत दाबत राहा. बरगडीची चिंता नंतर.

शिक्षकांचा मुलगा आईच्या गोळ्यांसाठी आजही माझ्याकडेच येतो. परवा त्याने विचारले, “डॉक्टरकाका, त्या दिवशी रस्त्यावर मी छाती दाबली असती तर?”

“ते तुला कोणी शिकवले नव्हते,” मी म्हणालो. “आणि मी तुम्हांला स्कूटरवरून पाठवायला नको होते.”