'वाय' वर्गाचे गिऱ्हाईक

मी ज्या नगरात राहतो आणि चाकरी करतो, त्याला शासनाच्या दप्तरात 'वाय' असे म्हणतात. २००८ साली केंद्र सरकारने घरभाडे भत्त्याच्या हिशेबासाठी देशातील यच्चयावत गावे तीन अक्षरांत वाटून टाकली. पन्नास लाखांवर वस्ती असेल तर 'एक्स', पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत असेल तर 'वाय', आणि उरलेले सारे भारतवर्ष 'झेड'. दुर्ग-भिलाईनगर ही जोडवस्ती 'वाय' आहे. पुणे पूर्वी आमच्याच पंक्तीला होते. पुढे २०१५ च्या आदेशाने ते 'एक्स' झाले. माझ्याबरोबर एकाच परीक्षेतून निवडला गेलेला एक मित्र पुण्यास आहे. त्याचे मूळ वेतन आणि माझे मूळ वेतन यांत एका पैशाचे अंतर नाही. परंतु २०२४ च्या जानेवारीत भत्त्याचे दर वाढले तेव्हा त्याला मूळ वेतनावर शेकडा तीस मिळू लागले, मला वीस, आणि येथून अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या राजनांदगावच्या कारकुनास दहा. काम तेच, टिपणीची भाषा तीच, वरिष्ठांचा शेराही बहुधा तोच. माणसाचे मोल मात्र स्थानकागणिक बदलते.

हा पाल्हाळ लावण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे माझी ऊठबस एका अशा दुकानात आहे, जेथे माणसांऐवजी वस्तूंचे मोल याच रीतीने ठरते. संध्याकाळी कार्यालयातून परतल्यावर मी संगणकावर खेळ खेळतो. पस्तिशीला टेकलेल्या पदवीधर कारकुनाने असे काही कबूल करू नये, असे आमच्या बिऱ्हाडाच्या आसपास सर्वांचे मत आहे. बुद्धिबळाचा पट मांडून बसलो असतो, तर याच मंडळींनी मला चिंतनशील म्हटले असते. असो.

दुकानाचे नाव 'स्टीम'. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथील व्हॉल्व्ह या कंपनीने ते २००३ च्या सप्टेंबरात उघडले. आरंभी ते दुकान नव्हतेच. कंपनीच्या स्वतःच्या खेळांत वेळोवेळी होणाऱ्या दुरुस्त्या खेळणाऱ्यांपर्यंत पोचवण्याची ती एक सोय होती. पुढे २००५ पासून इतरांचे खेळही तेथे विकले जाऊ लागले, आणि खोके नाही, तबकडी नाही, केवळ तारेवरून येणारा माल विकणारी एक अफाट पेठ उभी राहिली. २०१५ च्या नोव्हेंबरापर्यंत तेथे आपल्याला डॉलरांतच पैसे मोजावे लागत. त्या महिन्यात किमती रुपयांत दिसू लागल्या, आणि तेव्हापासून मी त्या पेठेत गिऱ्हाईक या नात्याने पाऊल टाकले. तोवर मी नुसता पाहुणा होतो.

आपल्याकडील बाजाराला तोंड पाहून भाव सांगण्याची जुनी खोड आहे. दुर्गच्या इंदिरा मार्केटात माझी आई ज्या भावाने साडी घेई, त्या भावाने ती मला कधीच मिळाली नसती. दुकानदार आधी पायांतल्या वहाणा पाही, मग हातातली पिशवी, आणि मग आकडा उच्चारी. 'एकच भाव' अशी पाटी लावणारे दुकानदार पुढे आले, ते या खेळाला कंटाळलेल्या गिऱ्हाइकांच्या आधारावर. स्टीमने या दोन्ही पद्धतींचा एक विलक्षण संकर केला आहे. २०१४ च्या सप्टेंबरात त्याने आपल्या दर्शनी भागाची नवी मांडणी केली. तेव्हापासून ज्याने पूर्वी जे खेळ घेतले असतील त्यांच्या अनुरोधाने त्याच्यापुढे माल मांडला जातो. माझ्यापुढे येणारे दुकान आणि माझ्या शेजाऱ्यापुढे येणारे दुकान एक नव्हे. म्हणजे मांडणी तोंड पाहून. भाव मात्र तोंड पाहून ठरत नाही. तो मुलूख पाहून ठरतो. तुम्ही कोणत्या देशात राहता आणि कोणत्या देशाच्या पेढीतून पैसे देता, एवढेच दुकान विचारते. त्यापुढे राजा आणि रंक सारखेच.

याचा अर्थ मला कळला तो माझ्या धाकट्या भावामुळे. तो जर्मनीत असतो. आमचे आजोबा भंडारा जिल्ह्यातून भिलाईस आले, ते पोलाद कारखान्याची उभारणी चालू असताना. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि १९५९ च्या ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. त्या गर्दीत आपण उभे होतो, असे आजोबा सांगत. गावची शेती पुढे वाटण्यांत आणि विक्रीत गेली. आम्ही दोघे भाऊ सेक्टरमधील दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलो. नांगर आम्ही चित्रात पाहिला. आता पहा गंमत. २०२० च्या टाळेबंदीत, तो तिकडे कोंडलेला आणि मी इकडे, अशा स्थितीत आम्ही दोघांनी मिळून शेती सुरू केली. 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा एक खेळ आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून तो रचला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत विक्रीस ठेवला. त्यात आजोबा आपल्या नातवास पडीक शेत ठेवून जातात, आणि नातू शहरातील नोकरी सोडून ते कसायला येतो. हे कथानक आमच्या वाट्याला कसे आले, याचे मला अजून नवल वाटते. रविवारी दुपारी, म्हणजे त्याच्या सकाळी, तो विहिरीवरून पाणी आणी आणि मी तण काढी. फोनवर आम्ही 'बरा आहेस ना?' याच्या पलीकडे कधी फारसे बोललो नव्हतो. तण काढता काढता पुष्कळ बोललो. आईच्या आजाराचा निर्णयही आम्ही त्या शेताच्या बांधावर घेतला, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे ठरेल.

या शेताचे मी पाचशे रुपयांच्या आत मोल दिले होते. त्याने जवळजवळ चौदा युरो दिले; त्या वेळच्या हिशेबाने अकराशे-बाराशे रुपये. शेत एकच, आणि मोलांत दुपटीहून अधिक अंतर. त्याने विचारले, "दादा, तुला इतके स्वस्त का?" मी म्हणालो, "मी वाय वर्गात आहे." त्याला ते कळले नाही. कारकुनाचा विनोद कारकुनालाच कळतो.

पुढे एका दिवाळीला माझ्या मनात आले की, थोरला भाऊ म्हणून आपण त्याला एखादा खेळ भेट पाठवावा. तेव्हा नियम वाचले. दोन देशांतील भावांत अंतर फार असेल, तर स्वस्त मुलखातून महाग मुलखात भेट जात नाही. २०१७ पासून ही व्यवस्था आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. स्वस्त किंमत ही पाण्यासारखी असते. बांध नसेल तर ती उताराकडे वाहून जाईल, आणि अखेरीस कोणालाच स्वस्त देणे विक्रेत्यास परवडणार नाही. पण मिठाई पाठवता येते, कंदील पाठवता येतो, आणि ज्याला वजन नाही, आकार नाही, ती वस्तू तेवढी सीमेवर अडते, हे मनाला चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही.

हे बांध सर्वांनाच मान्य होते असे नव्हे. युरोपीय संघात मालाने एका देशातून दुसऱ्यात निर्वेध जावे असा कायदा आहे. झेकिया, पोलंड, हंगेरी अशा देशांत विकलेले काही खेळ संघातील इतर देशांत चालू होऊ नयेत असा बंदोबस्त केल्याबद्दल २०२१ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. उलट, बांध फुटले तर काय होते हे तुर्कस्तान आणि अर्जेंटिना यांनी पाहिले. दोन्ही देशांचे चलन घसरत गेले, तेथील किमती जगाच्या मानाने मातीमोल झाल्या, आणि आपण इस्तंबूलचे किंवा ब्युनोस आयर्सचे रहिवासी आहोत असे भासवून परमुलखातील लोक तेथे खरेदी करू लागले. रहिवासाचे खोटे दाखले केवळ आमच्या कार्यालयातच येतात असे नाही. चलनाच्या घसरणीमुळे भाव ठरवणेच अवघड झाले, असे कारण सांगून दुकानाने २०२३ च्या २० नोव्हेंबरास त्या दोन्ही देशांत लिरा आणि पेसो यांना निरोप दिला व डॉलर आणले. इस्तंबूलच्या एखाद्या कारकुनाने त्या सकाळी आपला संगणक उघडला असेल. त्याचा पगार लिऱ्यांतच होता; आवडत्या खेळाचा आकडा तेवढा परका झाला. आपण न केलेल्या लबाडीचा भार आपल्यावर कसा पडतो, हे त्याला कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही.

कोणी म्हणेल, मग सर्वांना एकच भाव का नसावा? समतेचा हा युक्तिवाद ऐकला की मला आमचे भिलाई आठवते. पन्नासाच्या दशकात केंद्राने पोलादाच्या वाहतुकीचे भाडे समान करण्याचे धोरण आणले. येथे भट्टीच्या तोंडाशी उभे राहून घेतलेले पोलाद आणि शेकडो कोस दूर लुधियान्यास पोचलेले पोलाद यांची किंमत एकच. देशाच्या सर्व भागांत कारखाने निघावेत हा त्यामागील हेतू चांगलाच होता. पण खाणी आणि भट्ट्या ज्यांच्या दाराशी, त्यांचा जवळपणाचा लाभ त्या एका भावाने पुसून टाकला. दल्ली-राजहऱ्याचे डोंगर पोखरून लोखंड निघाले, धूर आणि धूळ येथील छपरांवर बसली, आणि पोलादाच्या कामाचे धंदे दुसरीकडे वसले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हे धोरण गेले. तोवर एक पिढी उलटली होती. एकच भाव म्हणजे न्याय, हे मी त्यामुळे सहजासहजी मानत नाही.

आणि वास्तविक पाहता स्टीमनेही भारताच्या आत हीच समानता पाळली आहे. मुंबईच्या मलबार हिलवरील गृहस्थ आणि दुर्गचा कारकून यांना तेथे एकच रुपया पडतो. मुलखामुलखांत भेद करणारे दुकान मुलखाच्या आत डोळे मिटून घेते. सरकार माझ्या गावाचे अक्षर पाहते. दुकानाच्या लेखी मी एक अखंड भारत आहे. सरासरी माणूस म्हणून वागवले जाण्यात सुख आहे की दुःख, हे त्या दिवसाच्या खिशावर अवलंबून राहते.

मला खरे खुपते ते निराळेच. आमच्या 'वाय'चे कोष्टक राजरोस छापलेले आहे. वस्ती किती, दर किती, तो केव्हा वाढणार, हे शिपायापासून सचिवापर्यंत कोणीही वाचून दाखवू शकतो, आणि ते चुकीचे वाटल्यास संघटनेमार्फत निवेदन देता येते. निवेदनाचे पुढे काय होते हा प्रश्न वेगळा. दुकानाचेही कोष्टक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याने ते नव्याने बेतले: निरनिराळ्या देशांतील पैशाची क्रयशक्ती आणि महागाई लक्षात घेऊन अमुक डॉलरांस अमुक रुपये असावेत, अशी शिफारस केली. पण ते कोष्टक प्रकाशकांसाठी असते, गिऱ्हाइकासाठी नव्हे, आणि ते मानावे की न मानावे हे प्रकाशकाच्या मर्जीवर असते. कोणी शिफारशीखाली राहतो, कोणी डॉलरांचा सरळ गुणाकार करून मोकळा होतो. आपल्यापुढे येतो तो नुसता आकडा. कारकुनाला आकड्याची भीती वाटत नाही. आधार न दाखवणाऱ्या आकड्याची वाटते. ज्या नस्तीत मंजुरीचा कागद नाही तिच्यावर सही करताना हात अडखळतो, तसेच मला खरेदीच्या बटणावर बोट ठेवताना पुष्कळदा होते.

मात्र या हिशेबाला विकणाऱ्याची दुसरी बाजू आहे, हेही विसरून चालत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. सर्कशीतील एक मुलगी दुर्गामातेकडून मिळालेला त्रिशूळ घेऊन असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. भिंतींवरची नक्षी, हवेल्या, वाड्यांतील चौक सारे आपल्या ओळखीचे. तो पाहताना प्रथमच मला वाटले की, या भावाच्या खालच्या टोकास जो बसला आहे, तोही माझ्यासारखीच मराठी ऐकत वाढलेला असेल. दुकान सामान्यतः शेकडा तीस आपल्याकडे ठेवते. मी रुपयांत दिलेल्या मोलातून उरलेले सत्तर आणि माझ्या भावाने युरोंत दिलेल्या मोलातून उरलेले सत्तर, यांत त्या पुण्याच्या मंडळींना कोणते अधिक कामी आले, हे सांगावयास लेखापालाची गरज नाही.

मी हे भावाला कळवले, तेव्हा तो फुशारला. मराठी उद्योगाचा आपण तुझ्याहून मोठा आश्रयदाता आहोत, असे त्याने लिहून पाठवले. त्याच पत्रात पुढे होते की, या दिवाळीस तो दुर्गला येत आहे, आणि मनात असलेला एक महागडा खेळ येथे आल्यावर रुपयांत घेण्याचा त्याचा विचार आहे. मी त्याला नियम उतरवून पाठवला: देश बदलायचा तर त्या देशातील पैसे देण्याचे साधन हवे, आणि एकदा बदलला की पुढे तीन महिने पुन्हा बदलता येत नाही. त्याची रजा तीन आठवड्यांची आहे.