सोपवलेला बफर

हवामानासारखं मोठं प्रारूप चालवताना गणिताइतकीच लिहिण्याची काळजी लागते. 4096 बाय 4096 चं जाळं, वर 64 थर आणि दर बिंदूला 8 बाइट धरले, तर नुसत्या तापमानाची एका क्षणाची नोंद 8 जीबी होते. एकाच वेळी चालणाऱ्या 1024 प्रोसेसमध्ये 32 बाय 32 अशी वाटणी केली की प्रत्येकीच्या पदरी 8 एमबी पडतात. ऐकायला किरकोळ. पण फाइलमध्ये ओळीमागून ओळ असते आणि प्रोसेसकडे ओळीतला फक्त 1 केबीचा तुकडा, म्हणजे तिचे 8 एमबी फाइलभर 8192 ठिकाणी विखुरलेले. लस्टर या समांतर फाइल प्रणालीवर फाइलच्या 1 एमबीच्या एका पट्ट्यात 32 प्रोसेसचे तुकडे येतात. सगळ्या एकदम लिहायला धावल्या की त्या पट्ट्याच्या लॉकवर झुंबड उडते.

यावरचा उतारा म्हणजे सामूहिक लेखन. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत राजीव ठाकूर, विल्यम ग्रॉप आणि युइंग लस्क यांनी त्यासाठी रोमिओ ही लायब्ररी घडवली. ठाकूर मुंबई विद्यापीठाचे अभियंते, याचा मला फार आनंद वाटतो. रोमिओत निवडक प्रोसेस सगळ्यांचे तुकडे गोळा करतात, फाइलच्या क्रमाने लावतात आणि लांबलचक सलग लिहितात. काम देखणं, पण ते संपेपर्यंत सगळं गणित थांबलेलं.

प्रोसेसमधल्या संवादाचं मानक म्हणजे एमपीआय. त्याच्या 1997 च्या दुसऱ्या आवृत्तीत, एमपीआय-2 मध्ये, हेच लेखन 'बिगिन' आणि 'एंड' असं दोन हाकांत तोडता येत होतं, मात्र एका फाइल हँडलवर एका वेळी एकच. 2015 च्या 3.1 आवृत्तीत आय-राइट-ऑल ही न थांबता परतणारी हाक आली आणि ही अट गेली. रेल्वे टपालाच्या डब्यात गाडी धावत असतानाच पत्रांची वर्गवारी चालायची. तसं आता गणित पुढे जात असताना तुकडे जुळवता येतात.

निदान तशी सोय आहे. आय-राइट-ऑल लगेच परतलं म्हणजे काम नोंदवून घेतलं, एवढंच. बफर, म्हणजे लिहायला दिलेली मेमरी, अजून लायब्ररीच्या ताब्यात असतो आणि वेट, म्हणजे काम संपायची वाट पाहणारी हाक, पूर्ण होईतो त्यात एक आकडाही बदलायचा नाही. म्हणून मी क्षेत्राची प्रत वेगळ्या जागेत काढतो, तीच लिहायला देतो आणि मूळ ॲरेवर पुढची पायरी चालू करतो. एका चलासाठी 8 एमबी जास्त. वीस चलांना मात्र हिशेब करावा लागतो. माझ्या मते ही मेमरी मोजावी, कारण गणित थांबू नये एवढ्यासाठीच तर हा खटाटोप.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. पुष्कळ ठिकाणी लायब्ररी तुम्ही तिला हाक मारता तेव्हाच पुढे सरकते. मधे लांब लूप टाकलं आणि एमपीआयचा एकही कॉल केला नाही, तर सगळं लेखन शेवटी वेटपाशीच तुंबतं. दर काही थरांनंतर एक टेस्ट, म्हणजे काम संपलं का हे न थांबता विचारणारी हाक, घालावी. हे कुठे आणि किती वेळा, ते यंत्रावर मोजूनच ठरतं. त्यात खरा हात दिसतो. आणि हाकांचा क्रम सगळ्या प्रोसेसमध्ये सारखाच हवा. एखादीने 'इफ'च्या आड आपली हाक गाळली, तर बाकीच्या 1023 ताटकळत राहतात.

वेट संपल्यावर बफर आपला होतो, पण आकडे डिस्कवर पोचल्याची हमी अजून नसते. ती फाइल सिंक केल्यावरच मिळते, आणि सिंकच्या आधी त्या हँडलवरची सगळी कामं पुरी झालेली लागतात. म्हणून नवी चेकपॉइंट फाइल, म्हणजे जिच्यावरून गणित पुन्हा सुरू करता येतं ती, सिंक होऊन बंद होईपर्यंत मी जुनी पुसत नाही.