बऱ्या दिवसाची तपासणी

“चालत आलीस ना?” डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. ती हो म्हणाली. बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत ती खरंच चालत आली होती, खोटं कशाला सांगायचं? पण त्या एका होकाराने समोरच्या माणसाची उत्सुकताच संपली. त्यांनी फाइल मिटवायला घेतली. त्या क्षणाचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही. चालता न येणं हा तिचा आजारच नव्हता.

वैनगंगेच्या काठच्या धानाच्या मुलखातली ही तेवीस वर्षांची मुलगी. सिकलसेल, त्यातही एसएस. माय आणि बाबा दोघेही नुसते वाहक, त्यांना कसलाही त्रास नाही. दोघांकडचा दोष एकत्र येऊन तो हिच्या आणि धाकट्या भावाच्या वाट्याला आला. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि मग हाडं आतून ठणकू लागतात. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, कष्ट जास्त झाले की कळ आलीच. आता इथली मजुरी बघा. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायचा आणि पावसाळ्यात दिवसभर चिखलपाण्यात वाकून रोवणी करायची. या आजाराला जे जे वर्ज्य, नेमकं तेच काम.

१९८०च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिकलसेल असल्याचं दाखवून दिलं, त्याआधी या दुखण्याला इथे नावही नव्हतं. तिचा एक काका लहानपणीच “अंग दुखून” गेला, एवढंच घरात सांगतात. कायद्यात हा आजार यायला तर २०१६ साल उजाडलं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले आणि थॅलेसेमिया, हिमोफिलियाबरोबर सिकलसेलही त्यात घेतला. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून दरमहा अडीच हजार रुपये मिळतात. रोवणीची मजुरी बुडणाऱ्या घराला ही रक्कम किरकोळ नाही.

“प्रमाणपत्रासाठी कागद जमव,” गावातल्या आशा कार्यकर्तीने सांगितलं. खरी तयारी इथून सुरू झाली, आणि इथेच सगळं अडलं.

एसएस असल्याचा रिपोर्ट होता. सिकलसेलचं कार्ड होतं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांची चिठ्ठी होती. पण कळांचा कागद कुठून आणायचा? कळ येते रात्री. माय मोहाचं तेल चोळते, विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून शेकते, पाणी पाजत राहते. सकाळपर्यंत ओसरली तर ओसरली. या रात्रींची नोंद कुठेच नाही. अगदीच असह्य झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन आणि इंजेक्शन. तिथली चिठ्ठी मिळते, पण ती जपायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक चिठ्ठी ओल्या ओढणीत बांधलेली राहिली, तिचा लगदा झाला. एकीच्या मागे बाबांनी खताचा हिशेब लिहिला होता. रक्त चढवल्याचं डिस्चार्ज कार्ड छपराच्या गळतीत भिजून कोरं झालेलं. ज्या घरात वीज बिलाची पावती खुंटीला टोचून ठेवतात, त्या घरात दुखण्याची पावती ठेवायची असते हे सुचणार कसं? शेवटी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, तारखा शोधल्या आणि एका कागदावर उतरवून शिक्का मारून दिला. त्या बाईंना हे करायची काहीच गरज नव्हती. दुसऱ्या कुणी हात झटकले असते.

मग कपड्यांवरून वाद. शेजारची काकू म्हणाली, “जुनाट कपडे घाल. केस विंचरू नको. जराशी लंगडत जाय.” माय उसळली, “साहेबापुढं मळकी पाठवू का पोरीले?” काकूचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं; पोरीच्या खुब्यात अधूनमधून कळ असतेच, मग त्या दिवशी ती जरा दाखवली तर काय बिघडलं? पण ती कॉलेजचा इस्त्रीचा ड्रेस घालून गेली. लंगडायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं.

आणि नेमका तो दिवस बरा निघाला. अंग हलकं, डोळ्यांत पिवळेपणाही बेताचाच. रांगेत पोलिओने पाय वाळलेले, पांढरी काठी घेतलेले लोक, आणि त्यांच्यात ही धडधाकट पोरगी. मागची म्हातारी मायला विचारते, “हिले का झालं? बरी तं दिसते.” आत गेल्यावर डॉक्टरांचाही तोच सूर. फाइल मिटत असतानाच शेजारच्या खुर्चीवरच्या तरुण डॉक्टरांनी शिक्क्याचा कागद ओढून घेतला. रक्त कधी कधी चढवलं? रात्री झोपमोड होते का? तिच्या मते दिवसभरातले पहिले धड प्रश्न हे होते.

कडक तपासणीला तिचा विरोध आहे असं मात्र नाही. २०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ उठला, तेव्हा तीच म्हणत होती की सगळ्यांना पुन्हा तपासा. आजही म्हणते. अडचण एवढीच की डोळ्यांना दिसतं तेवढंच तपासायचं ठरलं, तर ढोंग करणारा सुटतो आणि बऱ्या दिवशी आलेला अडकतो. मार्च २०२४च्या सुधारित निकषांत सिकलसेलसाठी दुखण्याची तीव्रता आणि रक्त चढवण्याची गरज यांना गुण आहेत. ठीक आहे. पण ते गुण मिळायला दवाखान्यात नोंद हवी, आणि नोंदीसाठी रात्री अपरात्री गाडी हवी. ज्याने घरी सोसलं, तो गुणांतही मागे. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात सिकलसेल असेल तर त्यांनी आजच एक प्लास्टिकची पिशवी घ्यावी आणि प्रत्येक चिठ्ठी तीत टाकावी.

प्रमाणपत्र आलं. चाळीस टक्क्यांच्या थोडं वर, पण मुदतीचं. मुदत संपली की पुन्हा तपासणी. जन्मभराच्या आजाराला मुदत कसली, हे तिला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आता भावाची पाळी. तो दहावीत आहे आणि साफ नाही म्हणतो. “मले शाळेत दिव्यांग म्हणतीन.” माय त्याच्या बाजूने, बाबा गप्प. ती त्याच्याशी भांडते, त्याच्या चिठ्ठ्या गोळा करते. आणि मध्येच तिला वाटतं, नसेल जायचं तर नको जाऊ दे, त्या टेबलासमोर त्याला कशाला उभं करायचं? पण परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, आणि लिहिताना त्याची बोटं आखडतात. या वीस मिनिटांसाठी तरी तो तयार होईल असा तिचा अंदाज आहे. अर्ज अजून भरलेला नाही.