पाणी कुठनं आणतात?

डिसेंबरात आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. सोलापूरच्या घरी सगळ्यांनी जमायचं की कुठे बाहेर जायचं, यावर आठवडाभर खल चालला होता. शेवटी तीच म्हणाली, "मला वाळवंट बघायचंय." काशी झाली, रामेश्वर झालं, समुद्र कितीदा तरी पाहिला. वाळवंट राहिलं. तेव्हापासून ही वही त्याच एका कामाला लावली आहे.

*

दादा मस्कतला असतो. त्याचं म्हणणं, इकडेच या. अबू धाबीच्या दक्षिणेला, लिवाच्या पुढे, रुब अल खाली या अफाट वाळवंटाच्या कडेवर 'कस्र अल सराब' नावाचं किल्ल्यासारखं बांधलेलं हॉटेल आहे. त्याने फोटो पाठवले. संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेल्या टेकड्या, एकीमागे एक, नजर पोचेल तिथवर. आईने चष्मा लावून सगळे फोटो सावकाश पाहिले. "फार सुंदर आहे रे," ती फोनवर त्याला म्हणाली. "पण तिथल्या एखाद्या बाईशी मला बोलता येईल का?"

जैसलमेर ठरलं. आईला हिंदी कामापुरती येते, आणि तिला बोलायला तेवढी पुरते.

*

जागा. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर समच्या टेकड्या आहेत. तिथे तंबूंच्या रांगाच रांगा आहेत आणि हंगामात रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी लागतात. खुहडीला गर्दी त्यामानाने कमी. आम्ही मात्र दोन्ही सोडून, मुख्य रस्त्यापासून बरंच आत, एकट्याच असलेल्या एका मुक्कामाची निवड केली. मोजके तंबू, तेही एकमेकांपासून लांब. तंबू म्हणायचं ते जाड दुहेरी कापडामुळे. आत पक्की फरशी, पलंग, गरम पाण्याची न्हाणी. एका रात्रीचं भाडं आमच्या एरवीच्या चार दिवसांच्या सहलीएवढं आहे. तिघा भावंडांनी वाटून घेतलं. आईला आकडा सांगितलेला नाही.

*

फोन करण्याआधी लिहून काढलेले प्रश्न:
न्हाणीत धरायला दांडी आहे का?
तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंत वाळूतून चालावं लागतं की फरसबंदी आहे?
रात्री जनरेटर चालतो का, किती वाजेपर्यंत?
जवळचं हॉस्पिटल किती लांब, आणि रात्री गाडी हाताशी असते का?
रात्री बाहेरचे दिवे मालवता येतील का?

या शेवटच्या प्रश्नाने पलीकडचा माणूस खूश झाला. "जरूर, मॅडम. ते कुणी मागतच नाही."

*

कधी जायचं, याचं उत्तर कालनिर्णयात. हंगाम ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. उन्हाळ्याचा विचारही नको. त्याच भागातल्या फलोदीत 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला होता. मरु महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो, त्या दिवसांत जैसलमेर गजबजलेलं असतं. चांदण्यात वाळू बघणाऱ्यांनी पौर्णिमा धरावी. आम्ही मार्गशीर्ष अमावास्येच्या आधी-नंतरचे दिवस धरले, कारण आईला मृग दाखवायचा आहे.

मृग म्हणजे पाऊस आणि पेरणी, हे तिच्या हाडात आहे. पण मृग आकाशात दिसतो कुठे? जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ज्या दिवसांत आपण त्याचं नाव घेतो त्या दिवसांत तो दिसतच नाही. डिसेंबरात तो संध्याकाळी पूर्वेला उगवतो आणि रात्रभर राहतो. पंचाहत्तर वर्षं ज्याची वाट पाहिली, तो तिने एकदा डोळ्यांनी बघावा.

*

थंडी. दिवसा सुखाचं ऊन, रात्री पारा एक आकडी. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, त्यामुळे सूर्य बुडाला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते. बॅगेत: कानटोपी, लोकरीचे मोजे, ओठांना लावायला तूप, बंद बूट. गोधडी नेऊ नको म्हटलं, तिथे दुलया असतात. गोधडी घेतली आहे.

*

वाट. जोधपूरपर्यंत विमान, पुढे रस्त्याने साधारण पाच तास. मध्ये पोखरण. 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव प्रत्येकाला ठाऊक. आम्ही तिथे चहाला थांबणार.

*

आता पाणी.

सगळी माहिती आईला वाचून दाखवली. काही तंबूंना खाजगी पोहण्याचा लहानसा हौद आहे, थोडे जास्त पैसे भरून तो घेता येतो, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तिथं पाणी कुठनं आणतात?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या प्रश्नांच्या यादीतही ते नव्हतं.

1972 च्या दुष्काळात आई बावीस वर्षांची होती. दिवसा खडी फोडायचं काम आणि पहाटे विहिरीत उतरून वाटीने पाणी घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वाट्या लागत, ते ती आजही सांगते. सोलापूरला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी ही गत. जैसलमेरला जेमतेम दोनशे.

मी परत फोन लावला. बोअरचं पाणी, ते खारं, यंत्राने गोडं करतात. वापरलेलं पाणी झाडांना जातं. सरळ उत्तर मिळालं. आईला सांगितलं. "बरं. पण तो हौद नको," ती म्हणाली. "त्याच्याशेजारी मला झोप लागायची नाही."

*

तेव्हापासून मी वाळवंटातल्या पाण्याचं वाचते आहे. अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूंदें' हे 1995 चं हिंदी पुस्तक. त्यात कळलं की तिथले लोक पाण्याची तीन रूपं मानतात. पावसाचं थेट साठवलेलं ते पालर. खोल भूजल ते पाताळ, बहुतेक ठिकाणी खारं. या दोहोंच्या मधलं ते रेजाणी: वाळूत मुरलेला पाऊस, जो खाली जिप्समचा थर असल्यामुळे खाऱ्या पाण्यापर्यंत पोचत नाही आणि ओल होऊन वाळूतच राहतो.

ही ओल काढायची ती कुंईतून, काही भागांत तिला बेरी म्हणतात. तोंड इतकं अरुंद की आत एकच माणूस बसून खणू शकतो. हत्यारही आखूड दांड्याचं, कारण हात फिरवायला जागा नाही. जसजसं खोल जावं तसतसा आत उकाडा वाढतो, म्हणून वरचे लोक मुठीमुठीने वाळू खाली फेकतात. तिच्याबरोबर वरची गार हवा खाली जाते. वाळू ढासळू नये म्हणून खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर वळून तो वेटोळ्यांनी आत बसवत नेतात. तीस हात, त्याहूनही खोल. मग थेंब थेंब झिरपतो आणि दिवसभरात दोन-तीन घागरी गोडं पाणी जमतं. वर झाकण.

हे वाचून दाखवताना आईने दोनदा थांबवलं. एकदा म्हणाली, "वाळू खाली टाकतात ते परत सांग."

*

शेतीही तशीच. पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी खडीन बांधले. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालायचा, आजूबाजूच्या खडकाळ माळावरचा पाऊस तिथे अडवायचा, जमीन पोटभर पिऊ द्यायची आणि हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही.

आमच्याकडच्या शाळूची हीच तर रीत. पावसाळ्यात काळ्या रानाने पाणी धरायचं आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर, थंडीतल्या दवावर यायची. ही सारखी अक्कल बघायला आम्ही एका दुपारी खडीनवर जाणार. जवळच पालीवालांनी सोडलेलं कुलधरा आहे. दिवाणाच्या जुलमाने गाव एका रात्रीत उठलं अशी कथा सांगतात. विहिरी आटत गेल्या, असंही अभ्यासक म्हणतात. आईला कथेपेक्षा विहिरी बघायच्या आहेत.

*

एक सकाळ माळढोकासाठी. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, 1981 पासून तो त्या राज्याचा पक्षी आहे. जगात उरलेले बहुतेक माळढोक आता जैसलमेर जिल्ह्यात आहेत. इथलं मरु राष्ट्रीय उद्यान 3162 चौरस किलोमीटर पसरलेलं आहे.

आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर बाबा शाळेतल्या पोरांना सायकलवर घेऊन जायचे. गवतातून मान वर काढून उभा राहिलेला तो उंच, पांढऱ्या गळ्याचा पक्षी मी सात वर्षांची असताना पाहिला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, हलू नको म्हणून. आता नान्नजला तो दिसणं दुर्मीळ. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. विजेच्या तारांवर आदळून मरतो. वर्षाला मादी बहुधा एकच अंडं घालते. समला आणि रामदेवऱ्याला आता त्याची पैदास केंद्रात करतात, हा मोठा दिलासा.

मुक्कामाच्या माणसांना कळवलं आहे: जीप रस्ता सोडून गवतात घालायची नाही. पक्षी लांबून दिसला तरी चालेल. नाही दिसला तरी चालेल.

*

संध्याकाळी मांगणियार गायला येतात. हे पिढीजात मुसलमान गायक. त्यांचे जजमान बहुतेक हिंदू, रजपूत. जन्मापासून लग्नापर्यंत जजमानाच्या घरचं प्रत्येक गाणं यांच्या गळ्यात. त्यांचं कमायचा हे गजाने वाजवायचं वाद्य, गोल पोटाचं, वर कातडं मढवलेलं. हमीरा गावच्या साकर खाँ यांना त्याच्या वादनासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली.

आई म्हणाली, "गाणाऱ्यांना जेवायला कधी बसवतात ते विचार." विचारलं. आधी जेवण, मग गाणं. तिला बरं वाटलं.

*

कालच्या पत्रात एक विनंती जोडली होती: शेजारच्या गावातली चालती बेरी बघायला मिळेल का? आज उत्तर आलं. एक बाई रोज सकाळी तिथे पाणी काढायला येतात, त्यांना विचारून ठेवलं आहे, त्या थांबतील.

आईला सांगितलं. "किती हात खोल आहे?" ती म्हणाली. मी म्हटलं, "ते तूच त्यांना विचार."

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून शेंगदाणे भाजल्याचा वास आला. जायला अजून महिना आहे. आई उखळ पुसत होती. शेंगाचटणी महिनाभर टिकते, जरा कोरडी करायची एवढंच, ती म्हणाली.

"त्या बाईला. पाण्यावर जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?"