पनवेल आणि माझे पोट

कोकणात उतरणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या मंडळींच्या लेखी पनवेल म्हणजे दहा मिनिटांचा थांबा. एस.टी. थांबते, वडा खाल्ला जातो, चहा अर्धा पेल्यात राहतो आणि कंडक्टरची घंटा वाजते. हे आजचेच नाही. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईचे लोक पडावाने पनवेलच्या खाडीत येत, इथे पथारी टाकत आणि पहाटे पुण्याची वाट धरत. येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊ घालणे हा या गावाचा जुना धर्म आहे. आणि खाल्लेले ज्याला सोसत नाही त्याची सोयही गावाने फार पूर्वी करून ठेवली. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 साली इथे धूतपापेश्वरचा औषधी कारखाना काढला. पनवेलचे नाव महाराष्ट्रात दूरवर गेले ते या काढ्यांच्या बाटल्यांवरून.

मी या गावात मराठी शिकवतो आणि दोन्ही परंपरांचा लाभ घेतो. म्हणजे खातो आणि मग औषध शोधतो.

माझ्या दुखण्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. मी त्याला चिडके आतडे म्हणतो. पोट फुगते, कळ येते, शौचाला जाऊन आले की कळ थांबते. आणि सगळ्या तपासण्या मात्र निर्दोष! घरच्यांना वाटते, सरांचे मनाचे दुखणे आहे. वाचकांनी हसू नये. या माणसाला पनवेलहून मुंबईला लोकलने नेऊन पाहावे. प्रवास सव्वा तासाहून अधिक, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसते. इतरांना वाशी आणि मानखुर्द यांच्यामधला खाडीपूल वाऱ्यासाठी आवडतो. मी त्या पुलावर डोळे मिटून बसतो. पेपर तपासायला जायच्या दिवशी सकाळी मी काहीच खात नसे, आणि हळूहळू पंक्तीला जाणेही सोडले होते. त्या दुखण्यातले खरे दुःख ते होते.

वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत याच्या जवळपासचा विकार ग्रहणी या नावाने येतो. दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने तरी इतकी काळजी घ्यावी. पण चरकाने ग्रहणीच्या अध्यायात ताकाची थोरवी गायिली आहे आणि आमच्या आळीतल्या एक आजी चरक न वाचता तेच सांगतात. ‘‘मास्तर, दूध नको, ताक घ्या. पहिल्या घासाला तुपातून हिंगाष्टक घ्या.’’

आता ऑस्ट्रेलियातली गोष्ट ऐका. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 साली ‘फॉडमॅप’ हा शब्द प्रचारात आणला. काही शर्करा अशा, की लहान आतड्यात त्या नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात जंतूंच्या हाती पडतात आणि त्यांचा वायू होतो. तो वायू निरोगी माणसाच्याही पोटात होतो. पण आमची आतडी हळवी, तेवढ्यानेच कळवळतात. ही अॅलर्जी नव्हे. या शर्करा कशात असतात? कांद्यात, लसणात, गव्हात, कडधान्यात, दुधात. आणि काय सांगू, आंब्यातसुद्धा!

ही यादी घेऊन मी उरण नाक्यावरच्या बाजारातून फिरलो तेव्हा वाटले, आता परत जावे ते फक्त तांदूळ घेऊन. तांदूळ मात्र निर्धोक, आणि हा तर भाताचा मुलूख! तांदळाची भाकरी, पोहे, पेज, मासळी यांना कसलीच हरकत नाही. फराळातले अनारसेही सुटले. चकलीच्या भाजणीतल्या डाळींपाशी मात्र जपून.

मग लक्षात येऊ लागले की आमच्या स्वयंपाकघरांनी यातले बरेच आधीच ओळखले होते. लसणातली ती शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण लाल करून पाकळ्या काढून टाकल्या तर वास राहतो आणि उपद्रव टळतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. दुधाचे दही होताना काही शर्करा जंतूच खाऊन टाकतात आणि ताकात पाणी पडते. आजींचे ताक बहुधा याचमुळे सोसत असावे. आणि वाल! रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, तेव्हा कुठे बिरडे होते. हा सारा खटाटोप चवीसाठी, अशी माझी समजूत होती. पण मोड येताना दाण्यातल्या त्याच त्रासदायक शर्करा मोडल्या जातात. वर हिंग, ओवा, आले आहेतच.

पण मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. हा आहार कायमचा नव्हे. दोन ते सहा आठवडे सगळे वर्ज्य करायचे आणि उतार पडला की एकेक पदार्थ परत आणायचा. तीन दिवस, थोडा थोडा वाढवत. उतार पडलाच नाही तर आहार सोडून द्यायचा. लोक पहिला अर्धा भाग उत्साहाने करतात आणि दुसरा विसरतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दोन वर्षे दहीभातावर आहेत; निम्मे अंग उरले आहे. दुसऱ्यांनी रक्त देऊन ‘न सोसणाऱ्या’ ऐंशी पदार्थांची छापील यादी विकत आणली आहे. त्या तपासणीचा या दुखण्यात उपयोग नाही, असे या शास्त्रातले जाणकारच सांगतात. गहू सोडण्याआधी मात्र सीलिअॅकची तपासणी गहू खात असतानाच करून घ्यावी. आणि शौचातून रक्त पडले, वजन उतरले, ताप आला किंवा दुखण्याने रात्री झोपेतून उठवले, तर माझा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

माझा हिशेब असा निघाला : कांदा नाही. पोळ्या चार नव्हे, एक. चहातले दूध चालते, पेलाभर चालत नाही. मोड न आणलेल्या वालाची उसळ नको, बिरडे अर्धी वाटी. आंब्याची एक फोड. तीवर घरात रोज वाद होतो.

भातकापणीनंतर जमिनीच्या ओलीवर इथे वाल पेरतात. पुष्कळशी शेते इमारतींखाली गेली, तरी गावाबाहेर थंडीत अजून पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. वर पुन्हा पाला, मडके उपडे आणि भोवती जाळ. गेल्या जानेवारीत कॉलेजच्या मुलांनी बोलावले. चार वर्षे मी नाही म्हणत आलो होतो, या खेपेस गेलो. कोंबडी खाल्ली, अंडे खाल्ले आणि शेंगा मोजून बारा. तेराव्या शेंगेला शेजारच्या मुलाने विचारले, ‘‘सर, संपलं?’’ मी ती त्याच्या पानावर ठेवली आणि शेकत बसलो. घरी परतायला रात्रीचे अकरा वाजले.