दीड मिलिसेकंदाचा संसार

उतारवयात माणसाने काय काय करू नये, याची एक यादी माझ्यापाशी आहे. ती सगळे करून झाल्यावर तयार केलेली असल्यामुळे अत्यंत विश्वसनीय आहे. 'भाच्यासमोर मोटारीतल्या गाण्याबद्दल बोलू नये' हे कलम तीत नुकतेच दाखल झाले.

तशी मी तक्रार केलीच नव्हती. आमच्या मोटारीत कंपनीनेच बसवून दिलेला रेडिओ आहे. तो लावला की लागतो, बंद केला की बंद होतो. रेडिओकडून यापेक्षा जास्त काही अपेक्षा धरावी असे माझ्यावर संस्कारच नाहीत. लहानपणी घाटकोपरला आमच्या चाळीत मजल्यावर एकच व्हॉल्व्हचा रेडिओ. त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. लावल्यावर तो आधी सावकाश तापायचा, मग बोलायचा. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागली की खोलीत पंधरा आणि गॅलरीत पंचवीस माणसे असत. पण लताबाईंचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, असा प्रश्न त्यांपैकी एकानेही कधी विचारला नाही. तो रेडिओतून यायचा.

मी फक्त एवढेच म्हणालो, "हल्ली मोटारीत गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत रे."

हे वाक्य पुढे मला फार महाग पडले.

भाचा बोरिवलीला राहतो, आम्ही मुलुंडला. ही दोन शेजारची गावे आहेत असे फक्त बिबट्याला वाटते, कारण त्याला मधल्या राष्ट्रीय उद्यानातून सरळ येता येते. माणसाला घोडबंदरचा वळसा तरी घालावा लागतो, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर उरलेले आयुष्य तरी घालवावे लागते. तरीही भाचा पुढच्याच रविवारी सकाळी हजर झाला. मोटारीत बसला, आवाज कमीजास्त केला आणि डॉक्टरने फिल्म उजेडाला धरावी तसा चेहरा करून म्हणाला, "मामा, तुमची गाडी खोटं बोलतेय."

त्याचे म्हणणे असे, की पुष्कळ गाड्यांत मुळातले स्पीकर स्वस्तातले असतात. ते फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की आतले यंत्र खर्ज गुपचूप कमी करते. शिवाय दारे पत्र्याची. ती गाण्याबरोबर स्वतःही वाजतात. यावर उपाय एकच. डीएसपी.

मी दचकलो. आमच्या काळी डीएसपी म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख. हा डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर निघाला. टिफिनच्या डब्याएवढी पेटी. रेडिओमधून निघालेला आवाज आधी तिच्यात जातो, तिथे त्याची झडती होते, आणि सुधारलेला आवाज स्पीकरकडे रवाना होतो. म्हणजे काम तसे पोलिसाचेच. मूळचा रेडिओ काढायचा नाही, कारण मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणे त्याला जोडलेली. त्याला फक्त वळण लावायचे.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींची दुकाने लग्नाच्या पंगतीसारखी ओळीने बसलेली आहेत. त्यांतल्या एकात आमच्या गाडीची चारी दारे उघडून आतले अस्तर काढले, तेव्हा मला एखाद्या नातेवाइकाला ऑपरेशन टेबलावर पाहिल्यासारखे झाले. कारागिराने पत्र्यावर डांबरी रंगाच्या जाड चिकट पट्ट्या रुळाने दाबून बसवल्या. आधी दारावर टिचकी मारली की रॉकेलच्या डब्यासारखे 'टण्ण' व्हायचे, आता 'ठप्प' झाले. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आत आणली आणि डीएसपीसाहेबांना सीटखाली बसवले. इंजिन सुरू केल्याबरोबर स्पीकरमधून 'कुंईंई' असा सूर निघाला आणि अॅक्सिलरेटर दाबला तसा तो वर वर चढत गेला. तासभर शोध घेतल्यावर कळले की अर्थिंगची वायर रंगावर घट्ट केली होती. रंग खरवडून ती लोखंडाला भिडवली, तेव्हा सूर थांबला.

मला वाटले, झाले. भाचा म्हणाला, "आता खरं काम सुरू."

ते काम आमच्या सोसायटीच्या आवारात झाले. भाच्याने सौभाग्यवतींची शिवणाची टेप मागून घेतली. उजव्या दारातल्या स्पीकरपासून माझे डोके नव्वद सेंटिमीटर, डाव्या दारापासून एकशे चाळीस. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे डावा स्पीकर माझ्यापर्यंत जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ज्या गावात सहा-बाविसची लोकल सहा-एकतीसला आली तरी लोक तिला वेळेवर म्हणतात, तिथे ही दीड मिलिसेकंदाची कागाळी ऐकून मला हसू आले. पण कान म्हणे फार पक्षपाती असतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने 1949 साली हे मांडून ठेवले आहे. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोहोचतो त्याच्याच बाजूने गाणे येतेय असे कान ठरवून टाकतो. म्हणून डीएसपीने जवळच्याला दीड मिलिसेकंद थांबवून धरायचे. लांबचा आला की दोघांनी मिळून यायचे.

मग माझ्या डोक्याच्या जागी काठीला माइक बांधून त्याने स्पीकरमधून धबधब्यासारखा 'सूंऽऽ' असा आवाज सोडला आणि लॅपटॉपवर एकतीस पट्ट्या वरखाली करत बसला. वॉचमनने टाकी भरून वाहतेय असे समजून पंप बंद केला. दुपारी चौथ्या मजल्यापर्यंत पाणी नव्हते.

अखेर गाणे लावले आणि मी थक्क झालो. किशोरीताई आमोणकर माझ्यासमोर, काचेच्या बरोबर मध्यावर बसून भूप गात होत्या. मी अभिमानाने सौ.ला शेजारी बसवले. ती बारा वर्षे गाणे शिकलेली. तंबोरा आधी सुरात लागल्याशिवाय तोंड उघडायची नाही. तिने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "छान आहे. पण बाई माझ्या दारात का बसल्यात?"

भाचा ओशाळला. उजवा स्पीकर मुद्दाम थांबवल्यामुळे तिच्या जागेवरचा फरक मिटला नव्हता, दुप्पट झाला होता. सगळे गाणे तिच्या डाव्या दाराला जाऊन चिकटले होते. एका माणसाची सोय झाली की शेजारच्याची गैरसोय दुप्पट होते, हे संसाराचे तत्त्व यंत्रातही असेल याची मला कल्पना नव्हती.

"आणि मामी, वरचे सूर?" विषय बदलण्यासाठी भाच्याने एक चढत जाणारी शिट्टी लावली. चार हजार हर्ट्झ, सहा हजार, आठ हजार. "आता बारा," तो म्हणाला. सौ.ने मान डोलावली.

मी म्हणालो, "लाव ना मग."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. "चालूच आहे, मामा."

त्या शांततेत मला एकदम चाळीतल्या त्या रेडिओची आठवण झाली.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. डावीकडून नीट चाललेली रेघ उजवीकडे घाट उतरल्यासारखी खाली आली होती. ते म्हणाले, "वयाने होतं. आधी वरचे सूर जातात. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, म्हणून ऐकू येतात. स, श, फ ही मंडळी वरची आणि नाजूक. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत."

म्हणजे मोटार खोटे बोलत नव्हती. गेली कित्येक वर्षे मी बायकोचे फक्त स्वर ऐकत होतो आणि व्यंजने माझ्या मनाची घालत होतो. आमची निम्मी भांडणे या शुद्धलेखनाच्या चुकांवरून झाली असणार.

परत येताना ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अहो, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही."

हे मला ऐकू आले. त्यात एकही 'स' किंवा 'फ' नव्हता.

आता माझ्या कानामागे एक बोराएवढे यंत्र असते. डॉक्टरांनी त्याच्या पोटात काय असते ते समजावून सांगितले, तेव्हा मी हसू लागलो. आतही डीएसपीच होता! पहिला मोटारीसाठी घेतला, तो नवऱ्याला हवा होता.

मोटारीतल्या पेटीत भाच्याने दोन खाती करून दिली आहेत. एक फक्त माझे. दुसऱ्यात कोणालाच थांबवलेले नाही. मला बाई किंचित उजवीकडे वाटतात, तिला किंचित डावीकडे. दोघांचेही सारखेच चुकते. आम्ही हेच कायम ठेवले आहे.

परवा घाटकोपरहून परतताना भूप लावला होता. एक एक अक्षर स्वच्छ. ऐरोलीच्या नाक्याआधी सौ. काहीतरी म्हणाली, आणि थोड्या वेळाने आम्ही मुलुंडच्या टोलनाक्यासमोर उभे होतो. 2024च्या ऑक्टोबरपासून तिथे लहान गाड्यांना टोल नाही, म्हणून चूक फुकटात पडली.

"वळा म्हणाले ते ऐकू आलं होतं का?" तिने विचारले.

"आलं होतं."

"मग?"

पूर्वी अशा वेळी निदान कानावर ढकलता यायचे.